भाऊजींच्या गालातला खर्रा

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका दिलदार माणूस अमेरिकेतल्या रेडमंडच्या पावसाने दुसरा भिजवला नसेल, आणि माझा इतका संतापही दुसऱ्या कोणी ओढवून घेतलेला नाही. भाऊजी मूळचे नागपूरचे. इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, अडल्यानडल्याच्या मदतीला अर्ध्या हाकेत धावणारे. पण या गुणी माणसाचा खरा धनी होता तो त्यांच्या डाव्या गालात मुक्कामाला असलेला खर्रा. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, पाण्याचा शिंतोडा द्यायचा आणि पन्नी हाताला गरम लागेपर्यंत घोटायची, हा त्यांचा रोजचा प्रातःकालीन विधी. त्यासाठी गॅरेजमध्ये त्यांनी एक गुळगुळीत फळी बसवून घेतली होती. सकाळच्या धूसर उजेडात तिथून येणारी ती एकसुरी घसघस, आणि मागोमाग घरभर पसरणारा ओल्या चुन्याचा, उग्र तंबाखूचा वास ताईच्या पडद्यांच्या सुतासुतात मुरला होता. नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा मेतकुटाच्या पुडीशेजारी तंबाखूची पुडी आणी, आणि ती हाती देताना असा लाजे, जणू अत्तराची कुपी देत आहे. त्या लाजण्याचा मला अधिक राग येई. विष पोचवणाऱ्याने निदान मान तरी वर ठेवावी.

भाऊजींचे दिवसभराचे संभाषण हनुवटी छताकडे करून आणि केवळ स्वरांच्या आधाराने चाले. व्यंजनांना ओठ, दात, जीभ लागतात आणि त्या तिन्ही जागा भाड्याने गेलेल्या होत्या. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते स्वतःला म्यूट ठेवत आणि अंगठा वर करून संमती देत. त्यामुळे ‘किती शांत, किती विचारी’ असा त्यांचा लौकिक झाला. थुंकण्यासाठी हातात झाकणाचा कॉफीचा कप कायम असे. तो पाहून सहकाऱ्यांनी त्यांना कॉफीचा मोठा दर्दी ठरवले, आणि दर वाढदिवसाला उत्तमोत्तम कॉफीच्या पिशव्या त्यांच्याकडे येत राहिल्या. भाऊजींना कॉफी अजिबात आवडत नाही. त्या पिशव्या आमच्याकडे येत आणि आमचे घर दरवळे. एवढाच या व्यसनाचा मला झालेला लाभ.

समोरच्याला विचारल्याखेरीज खर्रा तोंडात टाकायचा नाही, ही नागपुरी रीत त्यांनी समुद्र ओलांडूनही सोडली नाही. एकदा वेग जास्त झाला म्हणून त्यांची गाडी पोलिसाने अडवली. लायसन्स मागितल्यावर भाऊजींनी हनुवटी उंचावून काही ऊकार-ओकार काढले. पोलिसाने फुगलेला गाल पाहिला, ते बोबडे बोलणे ऐकले आणि अर्धांगाचा झटका आहे असे समजून तत्परतेने अँब्युलन्स बोलावली. आलेल्या तरुणाने, एक वाक्य स्पष्ट म्हणा, असे फर्मावताच भाऊजींनी सगळा ऐवज गिळला, वाक्य म्हटले आणि खिशातून पन्नी काढून त्याच्यापुढे धरली. “घाम आला होता बिचाऱ्याला. म्हटलं, थोडा घेतो का,” असे ते नंतर आम्हाला सांगत होते. ताई सोडून सगळे हसले.

त्यांच्या कुंपणापलीकडे येमेनचे एक वयस्क जोडपे राहते. त्यांच्या देशात पुरुष दुपारी एकत्र बसून खात नावाच्या झुडपाची हिरवी पाने गालात साठवतात. इथे त्या पानांना कायद्याने बंदी आहे, हे कळल्यापासून भाऊजींना मोठाच युक्तिवाद सापडला. “पाहा, त्यांचं तर बॅनच आहे. आपल्याले कोणी विचारून नाही राहिलं. म्हणजे आपलं साधंच असन ना.” त्या शेजारणीने मात्र ताईला वेगळे सांगितले होते. दुपारी बसलेली माणसे तिकडे अंधार पडल्यावर उठत. मग त्यांना ना भूक असे, ना झोप, आणि वाट पाहण्यातच बायका म्हाताऱ्या होत. ताई हे सांगताना सपाट आवाजात बोलत होती. 

मग कधीतरी भाऊजींनी सावजीचा रस्सा सोडला. ज्या माणसाच्या कपाळावर तिखटाने घाम फुटल्याखेरीज जेवण पुरे होत नसे, तो दहीभात कालवून खाऊ लागला. “वय झालं, आता सात्त्विक,” असे ते हसून म्हणत. पण ते हसू ओठांच्या आतच अडून राही. डाळीतल्या मिरचीच्या बीनेही त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. ताई दंतवैद्याची वेळ घेई आणि भाऊजी तेवढ्याच शांतपणे ती कॅन्सल करत. मी भांडले, तर म्हणत, “काही होऊन नाही राहिलं मला. तू काऊन टेन्शन घेते?”

त्यांच्या मुलीचे, सईचे, केळवण मी माझ्या घरी केले. सई इथेच जन्मलेली, मराठी समजून बहुतेक इंग्रजीत उत्तर देणारी. पण आईबाबांना घास भरवायचा, एवढे तिला ठाऊक होते. तिने वाटीतला गुलाबजाम बोटांत धरून बाबांच्या ओठांशी नेला. तो दातांपाशी थांबला. तिने पुन्हा नेला, तो पुन्हा थांबला. पाक हनुवटीवरून ओघळून रेशमी कुर्त्यावर उतरला. भाऊजींची थट्टा चालली आहे असे वाटून सगळे हसत होते.

“बाबा, प्लीज, फुल ओपन करा ना,” सई म्हणाली.

“हे फुलच आहे बेटा,” भाऊजी म्हणाले.

हसू विझत गेले. सईने गुलाबजाम चिमटीने कुस्करला आणि पाखराला द्यावा तसा कण कण त्यांच्या ओठांत ठेवला. वाटी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तीच त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. अजून गाठ नाही, डॉक्टर म्हणाले, पण गालाच्या आतली कातडी दोरासारखी कडक झाली आहे. खर्रा सुटला तर हे इथेच थांबेल कदाचित. मिटले तेवढे सगळे पुन्हा उघडेल, असे नाही. भाऊजींनी त्याच संध्याकाळी गॅरेजमधली फळी उखडली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला संतापच आला, की इतक्या सहज उखडता येत होती तर.

आता ते सकाळी खिडकीशी बसून आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकीवर एक दातांत सरकवतात. तोंड थोडे तरी उघडावे म्हणून डॉक्टरांनी दिलेला हा व्यायाम. बाहेर पाऊस, आत डोळ्यांत पाणी. सई लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, पण त्या वेळेला तिचा व्हिडिओ कॉल चुकत नाही. परवा मी तिथे होते, मनात नेहमीचे भांडण जुळवून. “बाबा, आ करा,” ती म्हणाली, आणि लहान मुलाला भरवताना आई करते तसे तिने आधी स्वतःचे तोंड उघडले. भाऊजींनी पापण्या घट्ट मिटून आणखी एक पट्टी सरकवली. ओट्यापाशी पोळी लाटता लाटता ताई थबकली होती, तिचेही ओठ विलगले होते. मला काहीतरी कठोर बोलायचे होते. पण त्यासाठी मला आधी माझे उघडलेले तोंड मिटावे लागले असते.