हरिभाऊंची कवळी आणि शेवटची खाच

आमच्या घरात कॉम्प्युटर आतून आवरणारी मी पहिली आणि शेवटची व्यक्ती आहे.

सई आणि नील, तुमच्या बाबांनी ही हकीकत तुम्हाला त्यांच्या पद्धतीने सांगितली असेलच. ती विसरा. खरी मी सांगते, म्हणजे निदान क्रमाने तरी होईल.

तेव्हा आम्ही जालन्याला राहत होतो. पुढच्या खोलीत आजोबांचा दातांचा दवाखाना आणि मागच्या खोलीत तुमच्या बाबांचा, म्हणजे आमच्या सुधीरचा, रेकॉर्डिंग स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, एक माइक आणि एक कॉम्प्युटर. आजोबांनी त्याला स्पष्ट बजावलं होतं, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एक तरी काम धड करून दाखव. नाहीतर बियाण्यांच्या कंपनीत मी तुझ्यासाठी शब्द टाकलेला आहे." कंपनीचं नाव निघालं की सुधीरची भूकच जायची. (आमच्या घरात हे फार गंभीर लक्षण समजतात.)

काम मिळालं तेही घरातलंच. माझे धाकटे दीर हरिभाऊ तीर्थपुरीला शेती करायचे आणि भजनी मंडळात गायचे. आवाज असा की त्यांनी बांधावरून हाक मारली तर दुसऱ्याचे बैल थांबत! मंडळाची कॅसेट काढून ती पाडव्याला गावच्या देवळात वाजवायची, असं ठरलं. दात पडल्यामुळे त्यांचं गाणं बंद झालं होतं, पण आजोबांनी स्वतःच्या हातांनी त्यांना नवी कवळी करून दिली आणि गाणं पुन्हा सुरू झालं. त्या कवळीचा आजोबांना तुमच्या बाबांपेक्षा जास्त अभिमान होता.

आता कॉम्प्युटरविषयी. सुधीरने औरंगाबादहून स्टुडिओचं खास साउंड कार्ड आणलं होतं. हे कार्ड मोठं नखरेल! पहिल्या मदरबोर्डवर ते बोलेचना, म्हणून मदरबोर्ड बदलला. दुसऱ्यावर बोललं, पण पडद्याच्या कार्डाशेजारच्या खाचेत बसवलं की भांडायचं. दोघांना मिळून जणू एकच टेलिफोन लाइन होती. पडद्यावर काही हललं की आवाजाचं बोलणं मध्येच तुटायचं. शेवटी सुधीरने ते पार टोकाच्या खाचेत बसवलं आणि तिथे ते गुण्यागोविंदाने नांदू लागलं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर हे लिहायला विषयच उरला नसता.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. आजोबांच्या चिमट्यांची झाली. मग मी स्टुडिओत गेले. सुधीर बाहेर गेला होता. कॉम्प्युटरचं झाकण नेहमीप्रमाणे उघडंच! आत बघते तर काय, एक कार्ड इकडे, एक पार टोकाला, मध्ये दोन खाचा रिकाम्या. पंगतीत असं कुणी बसतं का? मी प्लग काढला (मी निष्काळजी नाही), स्क्रू सोडवले, कार्डं मऊ फडक्याने पुसली आणि उंचीप्रमाणे शेजारी शेजारी ओळीने लावली. पुस्तिकाही आधी वाचली. माझं इंग्रजी चांगलं आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की कार्ड कुठल्याही रिकाम्या खाचेत बसवावे. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि झाकण लावून टाकलं. इतकं समाधान मला बी. ए. झाल्यावरही वाटलं नव्हतं.

दोनच दिवसांनी हरिभाऊ मंडळासकट एस. टी.ने आले. पेटी लागली, टाळ थांबले, हरिभाऊंनी वरचा सूर लावला आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून खटका वाजला, "कट्!"

"काका, काहीतरी वाजतंय," सुधीर म्हणाला.

"म्या गाऊन राह्यलो ना बाबा, मंग वाजंनच!"

पंखा बंद केला. कट्! भिंतीवरचं घड्याळ उतरवून न्हाणीघरात नेलं. कट्! पेटीवाल्याच्या अंगठ्या काढायला लावल्या. (एक निघेना. साबण लावला. मग पेटीच्या पट्ट्या निसटायला लागल्या!) तरी कट् कट् चालूच.

तेवढ्यात माझ्या शिस्तशीर निरीक्षणाने कारण शोधून काढलं. "सुधीर, भाऊजी हळू गातात तेव्हा वाजत नाही. तोंड मोठं उघडलं की वाजतं. कवळी आहे ती!"

लगेच पुढच्या खोलीतून चिमटा हातात घेऊन आजोबा आले.

"कोण म्हणतं माझी कवळी वाजते?"

त्यांच्यामागे त्यांचा पेशंटही आला, तोंडात कापसाचे बोळे, आ वासलेलाच. त्यालाही ऐकायचं होतं.

"अहो, ऐका ना जरा," मी म्हणाले.

"काय ऐकू? हरी, काढ ती कवळी!"

"दादा, मंडळ बसलंय समोर..."

"काढ म्हणतो ना! जल्दी!"

हरिभाऊंनी कवळी काढली. आजोबांनी ती रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली. हरिभाऊ गायले. 'संत'चं 'थंत' झालं, टाळकऱ्यांनी उपरण्यात तोंडं लपवली, आणि ऐन वरच्या सुरावर... कट्!

"आता?" आजोबा गरजले. "आता काय माझा खिसा वाजतो?"

हरिभाऊ उठलेच. "बास झालं! चार मान्सांत माझं बोळकं दाखवलं तुम्ही. म्या औरंगाबादला जाऊन रेकॉर्डिंग करतो. खर्चा होईल तं होऊ द्या!"

सुधीर रडायचाच बाकी होता. "काका, फक्त दहा मिनिटं थांबा," असं म्हणत त्याने औरंगाबादच्या कार्डवाल्याला फोन लावला.

तिकडून प्रश्न आला. सुधीर म्हणाला, "कार्ड? शेवटच्या खाचेतच आहे. पडदा? हो, काका जोरात गायले की आवाजाची पट्टी पडद्यावर वर उडते. हो हो, तेव्हाच वाजतं! अहो, पण शेवटच्याच खाचेत आहे म्हटलं ना! बरं, बघतो."

त्याने झाकण काढलं, आत वाकला, आणि बराच वेळ वरच आला नाही. वर आला तेव्हा नाकाला हळद लागलेली होती आणि हातात झेंडूचं फूल.

"आई, हे कार्ड कुणी हलवलं?"

"हलवलं नाही," मी म्हणाले, "नीट लावलं."

"आई!"

"कुठल्याही रिकाम्या खाचेत बसवावे, असं पुस्तिकेत लिहिलंय. वाक्य दाखवू का?"

"पुस्तिका लिहिणाऱ्याने हा मदरबोर्ड पाहिला होता का?"

हरिभाऊंना सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ते तसेच, बिनदातांचे, म्हणाले, "म्हंजे वहिनी, दुखणं त्या डब्याचं, आन् दात माझे काढले?"

पहिला हसला तो पेशंट. कापसाचे बोळे उडून पेटीवर पडले! मग टाळकरी, मग हरिभाऊ, आणि सर्वांत शेवटी आजोबा, तेसुद्धा खिशातली कवळी सन्मानाने परत केल्यावर. कार्ड टोकाच्या खाचेत परत गेलं आणि हरिभाऊ असे गायले की गाद्यांमधून धूळ झडली. एकही कट् नाही! रेकॉर्डिंग संपल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "बियाण्यांवाल्यांना नाही म्हणून कळवतो मी." सुधीरने त्या रात्री सहा पोळ्या खाल्ल्या.

राहिलं होतं फक्त कॅसेटचं कव्हर. सुधीर मोठ्या मनाने म्हणाला, "आई, एवढं तू बघ. यात काही बिघडण्यासारखं नाही." मी नावं तपासली, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि कुणाला डावललं असं वाटू नये म्हणून सगळी नावं वर्णानुक्रमे लावून छापायला दिली.

पाडव्याला देवळात कॅसेट वाजली. गाव खूश झालं. कव्हर हातोहात फिरलं. सगळ्यात वर नाव होतं अण्णांचं, ज्यांनी रेकॉर्डिंगच्या दिवशी चहा पुरवला होता. आणि सगळ्यात खाली, पेटीवाल्याच्या आणि कवळी करणाऱ्याच्याही खाली, मुख्य गायक हरिभाऊ.

वर्णानुक्रम अगदी बरोबर होता. पण तसं कुणीच म्हणालं नाही.