हातातलं सगळं उंबऱ्याबाहेर

पडाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पडत होत्या. शिरूर कासारला बाजारतळामागे धान्याचं एक रिकामं गोदाम आहे. शाळेतून येताना मी दारातून डोकावले, तर पांढरा जाड सदरा-विजार घातलेली एक बाई उभ्याउभ्या सरळ पाठीवर कोसळली. दोन्ही तळहात आपटल्याचा फाटकन आवाज झाला. मी किंचाळले. बाई उठून बसली आणि हसली. "भिऊ नको गं. पडलेच हाय मी, मेले न्हाई."

हे वाक्य गेले दोन महिने माझ्या कानातून जात नाही.

त्या आम्हाला ज्युदो शिकवत. शिकवत म्हणजे पहिले सहा महिने फक्त पडायला लावत. पुढे पडा, मागे पडा, कुशीवर पडा. म्हणून गावाने त्यांचं नाव पडाताई ठेवलं. गाद्या नव्हत्याच. पोत्यांत सोयाबीनचं भुसकट दाबून भरायचं, पोती एकमेकांना शिवायची आणि त्यावर ताडपत्री ओढायची. दर दिवाळीआधी भुसकट बदलायचो, मग आठवडाभर सगळ्या पोरी अंग खाजवत शाळेत बसायच्या. "जमीन काय वैरीण न्हाई आपली," त्या सांगत. "तिला आदी तळहात द्या, मग पाठ. हनुवटी छातीला. डोकं राखा, ते एकच हाय." वीस पोरी एकदम पडल्या की तळहातांचा आवाज एकच यायला हवा. दोन आले, की पुन्हा.

गोदामाच्या दाराशी त्यांचा एक नियम होता. हातातलं सगळं उंबऱ्याबाहेर. वही, पाण्याची बाटली, केसांतली पिन, सगळं. हातात काही असलं की माणूस ते सोडत नाही, आणि सोडलं नाही की हात आपटता येत नाहीत. मी पुस्तकी पोर. मला शंका फार. मी एकदा विचारलं, "ताई, हातात मोलाचं काही असलं तर?"

"सोडायचं."

"काहीही असलं तरी?"

"काय बी असू दे. कावून इचारतीस इतकं? पड."

त्यांचे स्वतःचे हात मात्र कधी रिकामे नसत. दसरा झाला की त्यांचा भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला जात आणि पोरं ताईंकडे राहत. ताईंना स्वतःचं मूल नव्हतं, पण त्या पाच-सहा महिन्यांत घरात तीन असत. शिवाय सासरच्या शेळ्या, दुधाचे रतीब, सासूबाईंचे गुडघे. अलीकडे त्या यायच्या तेव्हा एका हातात दुधाची रिकामी किटली, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी आणि कडेवर सगळ्यात धाकटी भाची, चिऊ. हे सगळं उंबऱ्याबाहेर ओळीने मांडलं जाई, चिऊसुद्धा. आत चाललेलं ती तिथूनच टक लावून पाहत बसे. मी एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही घर आणि हे, दोन्ही कसं सांभाळता?" त्या पट्टा आवळत म्हणाल्या, "सांबाळत न्हाई गं. एक खाली ठिवते, दुसरं उचलते."

बांगड्याही त्या काढून खिळ्याला अडकवत. काच फुटून लागू नये म्हणून. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या काठी टेकत थेट गोदामात आल्या. 

"नवरा जिता हाय ना गं तुजा? मग हात कावून भुंडे?"

"आत्या, काच घुसंल कुणाला तरी."

"घुसू दे. लोकं मला इचारत्यात."

ताईंनी जरा विचार केला. मग पोत्याच्या शिलाईसाठी आणलेल्या रिळातला हिरवा दोरा तोडून दोन्ही मनगटांना गुंडाळला. "हे घ्या. ह्यो चुडा. फुटत बी न्हाई." सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लई आगाऊ हाईस." जाताना मात्र दोऱ्याची गाठ त्यांनीच घट्ट केली.

आम्हाला एका गोष्टीची लाज वाटे. ताईंचा पट्टा तपकिरीच होता, काळ्याच्या एक पायरी खालचा. आमच्यातल्या तिघींना काळा मिळाला, मलाही मिळाला, पण आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना नाही. काळ्या पट्ट्याची परीक्षा दर हिवाळ्यात बीडला होई, आणि हिवाळ्यात ताईंचं घर पोरांनी भरलेलं. एका वर्षी थोरल्याला गोवर, एका वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरलेल्या, एका वर्षी शेळ्या व्यायलेल्या. "औंदा न्हाई, पुडच्या साली," असं त्या इतक्या सहज म्हणत की आम्ही ऐकून घ्यायचो.

या वर्षी आम्ही ऐकलं नाही. जुन्या पोरी जमलो, ताईंचा अर्ज मीच भरला आणि महिनाभराचे दिवस वाटून घेतले. कुणी थोरल्याची शाळा, कुणी शेळ्या, कुणी सासूबाई. चिऊला सांभाळायचा माझा वार गुरुवार. ताई रोज पहाटे सराव करू लागल्या. नवे कपडे घालून आरशासमोर उभी राहणारी मुलगी दिसते तशा दिसायच्या.

परीक्षेआधीच्या गुरुवारी मी चिऊला आणायला गेले. तिचं अंग तापलं होतं आणि ती ताईंच्या मानेला चिकटून बसली होती. "तुझ्याकडं राहायची न्हाई ही आज," ताई म्हणाल्या. "तुमच्या दाजीच्या गाडीवर दवाखान्यात नेऊन आणते. तू क्लास घे."

मी क्लास घ्यायला गेले. रस्त्याचं काम चालू होतं, वळणावर खडी पसरलेली होती. दाजींची, म्हणजे ताईंच्या यजमानांची, गाडी तिथे घसरली. दाजींचं कोपर सोललं. चिऊच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. ताईंना डोक्याच्या मागच्या बाजूला लागलं आणि बीडला पोहोचायच्या आत त्या गेल्या.

मी विश्वास ठेवायलाच तयार नव्हते. दुसऱ्या कुणी बाई असतील म्हणाले. ज्यांना मी हजारदा पडताना पाहिलं होतं, ज्या झोपेतही बरोबर पडल्या असत्या, त्या गाडीवरून पडून जातात हे कसं शक्य आहे? चार दिवसांनी मी दाजींना विचारलंच, "त्यांनी हात आपटले नाहीत का हो?"

"हात पोरीच्या पाठीवर व्हते," दाजी म्हणाले. "दोन्ही. सोडवायला दोघं लागलो आमी."

ती गाडी घसरली तेव्हा मी गोदामात नव्या पोरींना सांगत होते, हातात काही धरू नका.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी ताईंचे हात हिरव्या बांगड्यांनी कोपरापर्यंत भरले. सासूबाईंनी मनगटावरचा तो हिरवा दोरा तेवढा काढू दिला नाही.

परवा मी गोदाम उघडलं. चिऊची आई उसाच्या फडावरून परत आली आहे. तीच तिला घेऊन आली आणि नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर, बसवून स्वतः भिंतीला टेकली. वीस पोरी रांगेत उभ्या राहिल्या. मला नियम सांगायचा होता. "हातातलं..." एवढंच म्हणून मी थांबले. पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी मुसमुसलं. मी पाठ फिरवली.

तेवढ्यात मागून, उंबऱ्याकडून, अगदी ताईंच्या ठसक्यात चिऊचा आवाज आला, "पडा!"

पोरी पडल्या. आवाज एकच आला.