ताई, चपला काढा

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये अंगारे-धुपारे सुचवायचे तुमचे कष्ट वाचतील. मी देव मानते, तेही सणासुदीला. भूत मानत नाही. कालही मानत नव्हते, आजही मानत नाही. अकोल्याला एका आयटीआयमध्ये मी वायरमन ट्रेड शिकवते — हो, बाई असून — आणि बावीस वर्षं पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेते, की सप्लाय नाही तर मोटर फिरत नाही. याला अपवाद नाही... एकदाचा सोडून. त्या एकदाबद्दल लिहितेय. पटलं तर ठीक, नाही पटलं तर सोडून द्या. मी कोणाच्या सर्टिफिकेटसाठी बसलेली नाही.

माझी नलूमावशी अमरावतीला राहायची. बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला जुनी कॉलनी आहे, तिथं दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं पडवी. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. दहावीनंतर मी वायरमनला जायचं म्हटलं तेव्हा घरच्यांनी तोंडात बोटं घातली होती. आईशी भांडायला मावशीच उभी राहिली. माझा पहिला टेस्टर तिनंच घेऊन दिला. पुढं तिच्या घराची अख्खी फिटिंग मी केली, हे लक्षात ठेवा.

आता कूलर. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातला एक माणूसच. मार्चमध्ये कूलरवाला येतो, जाळ्यांमधलं जुनं गवत काढून नवी खस भरतो, पंप बघतो, मोटरला तेल देतो. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच सगळी कॉलनी दारं लावून पडलेली आणि घराघरात घरघर. शेजारी कोणी बोंबललं तरी ऐकू जात नाही. आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागून जातंच. लोक हळहळतात, "सांभाळाले पायजे होतं" म्हणतात, आणि विषय संपतो. कूलरचा करंट म्हटलं की आम्ही वऱ्हाडातले लोक पुढं काही विचारतच नाही. पुढं ज्याच्याबद्दल सांगणार आहे, त्या माणसाचं सगळं फावलं ते आमच्या ह्या सवयीमुळं.

मावशीची मात्र शिस्त होती. पडवीच्या दाराशी निळ्या रबरी चपलांचा एक जोड, फक्त कूलरसाठी. बटण बंद, प्लग बाहेर, चपला पायात, मगच पाण्याचा पाइप. मी कधी घाईत अनवाणी गेले की स्वयंपाकघरातून ओरडायची, "संगे! चपला घाल आदी! करंट का मामा लागते तुहा?"

तीन उन्हाळ्यांपूर्वी, मेच्या मध्यावर, मावशी त्याच कूलरपाशी पडलेली सापडली. संध्याकाळी दूधवाल्यानं पाहिलं. अनवाणी होती, एक हात जाळीला लागलेला. साखळी गळ्यात, पाटल्या हातात, कपाट जसंच्या तसं. त्यामुळं कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी लिहिलं — कूलरचं अर्थिंग सुटलेलं. झालं! तेरवीच्या पंगतीत वामनमामा, म्हणजे मावशीचा सख्खा भाऊ, सगळ्यांसमोर म्हणाला, "तुनंच केल्ती ना वं फिटिंग? मंग काय शिकवतं तू पोरायले?"

आतल्या खोल्यांना मी करंट गळताच लाइन तोडणारा सेफ्टी स्विच लावला होता, पण पडवीतला जुना पॉइंट "पुढच्या खेपेला करू" म्हणत राहून गेला होता. ती चूक माझी. तेव्हाही नाकारली नाही, आजही नाकारत नाही. पण अर्थिंग? ते तर मी स्वतः आवळलं होतं... आवळलं होतं ना? दिवसभर डोक्यात हेच. नोकरी सोडायचा अर्ज लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. जिनं माझ्या हातात टेस्टर दिला तिला मीच मारलं, असं मला वाटत होतं, आणि ते खोटं आहे असं सांगणारं कोणी नव्हतं.

मेअखेरीला घर बंद करायला मी एकटीच अमरावतीला गेले. दुपारचे तीन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दारात चपला काढल्या, सवयीनं. पहिलं काम काय केलं, तर मीटरखालचा मेन स्विच पाडला आणि फ्यूज उपसून पर्समध्ये टाकला. आमच्या धंद्यातली खोडच आहे, फ्यूज आपल्याजवळ तर जीव आपला. मग मागच्या खोलीत कपाटातल्या साड्या काढत बसले.

तेव्हा कूलर सुरू झाला.

आधी 'टक्' झालं, मग पंख्यानं वेग घेतला, मग नेहमीची घरघर. खिडकीतून गार, ओलसर वारा तोंडावर आला. ओल्या खसचा वास आला. मी उठले ती भीतीनं नाही, रागानं उठले. म्हटलं, कोणी बाहेरून चोरून लाइन जोडली काय? पडवीत आले. प्लग जमिनीवर पडलेला. टाकी कोरडी, तळाला धूळ. आणि पंखा फिरतोय! टेस्टर लावला, दिवा लागला नाही. वायर दोन हातांनी चाचपत शेवटापर्यंत गेले. कुठंही काही जोडलेलं नव्हतं.

मी वाकून जाळीला हात लावणार, तेवढ्यात मागून, स्वयंपाकघराच्या बाजूनं आवाज आला.

"संगे! चपला घाल आदी!"

मावशीचा. तोच दरडावणीचा, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. हसा, खुशाल हसा. मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. चाळीस वर्षांची सवय... हात मागं घेतला आणि पडवीच्या दाराशी पायानं चपला चाचपल्या.

चपला नव्हत्या.

कूलर थांबला. पंखा हळूहळू फिरत बंद पडला. मी मात्र घर उलथंपालथं केलं. पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, गच्चीवर गेले, मागच्या नालीतही काडी घालून पाहिली. तो जोड कुठंच नव्हता. दूधवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "नाई ताई, मी आलो तवाबी चपला नव्हत्या तिथं." मग माझं डोकं चालायला लागलं. ही बाई चपलेशिवाय कूलरला हात लावणार नाही. म्हणजे चपला कोणीतरी काढायला लावल्या. आणि सोबत नेल्या. मी पाना घेऊन कूलर उघडला. अर्थिंगची हिरवी वायर सुटलेली नव्हती, कापलेली होती. मी तिथंच फरशीवर बसून पोटभर रडले.

पोलिसांकडे गेले. हवालदार भला माणूस, पण म्हणाला, "म्याडम, चपलेवरून खून? उद्या कोर्टात का चप्पल उभी करू मी?"

ठीक आहे. मला तुमची गरज नाही, म्हटलं. माझे हाताखालून गेलेले विद्यार्थी आज गावोगावी लाइनमन आहेत. फोन लावत सुटले. एकटी राहणारी बाई, कूलरचा करंट, चपलांचं काय झालं ते घरच्यांना विचारा. अंजनगाव सुर्जीहून फोन आला. बार्शीटाकळीहून आला. तेल्हाऱ्याचा पोरगा म्हणाला, "म्याडम, चपला नाईच सापडल्या. बाईची लेक म्हने, आमाले वाटलं कुत्र्यानं नेल्या." तिन्ही ठिकाणी हिरवी वायर कापलेली. आणि तिन्ही कूलरच्या पत्र्यावर मोबाइल नंबरचा एक पिवळा स्टिकर. मावशीच्या कूलरवरही तोच होता.

त्याचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पन्नाशीचा, मोटरसायकलला खसच्या जुड्या बांधून हिंडणारा. बायांना काकू, माय म्हणणारा. मार्चमध्ये खस भरून जायचा, आणि मग मेमध्ये, दुपारी, "पंप पाहतो" म्हणून पुन्हा यायचा. सगळ्यांचं मत एकच — लय गरीब माणूस.

पुढच्या मार्चमध्ये मी त्याला फोन केला आणि माझ्याच घरी, अकोल्याला बोलावलं. नवरा म्हणाला, "तुले काई वेड लागलं काय?" मी म्हटलं, "लागलं. रजा टाक आणि स्वयंपाकघरात बस." एक जुना कूलर आणला, मुद्दाम सेफ्टी स्विच नसलेल्या पॉइंटला लावला. एकटी राहते असं फोनवर सांगितलं होतं. तो आला, खस भरली, चहा प्यायला, गेला. दोन महिने मी मेची वाट पाहिली. मे लागला तसा भर दुपारी फोन आला, "ताई, पंप पाहून देतो."

आला. पंधरा मिनिटं कूलरमध्ये डोकं घालून होता. टाकीतलं बादलीभर पाणी फरशीवर सांडलं त्यानं. मग अगदी मायेनं म्हणाला, "ताई, पानी सांडलं, घसरसान. चपला काढा. आन् जाळीले हात लावून पाहा, गार झाली काय."

"मी चपला काढत नाई, भाऊ," मी म्हटलं. "तुमीच लावा हात."

"माहे हात ओले हायेत."

मी टॉवेल दिला. त्यानं एकेक बोट पुसलं. अंगठासुद्धा पुसला. पण हात काही लावला नाही. तिथंच उभा राहून माझ्या पायांकडे बघत राहिला. मी टेस्टर काढून पत्र्याला टेकवला, दिवा लख्ख लागला; त्यानं पत्र्यातच करंट सोडला होता. नवऱ्यानं बाहेरून दाराला कडी घातली. कूलरवाला पळाला नाही. खाली बसला, पाणी मागितलं. मी दिलं, पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, एवढं मावशीनं शिकवलं होतं.

ह्या वेळी पोलीस आले, आणि मोठे साहेब आले. त्याच्या खोलीत गोणी सापडली. बायकांच्या चपला, जोडजोड करून सुतळीनं बांधलेल्या. चार जोड ओळखले गेले. निळा मी ओळखला. डाव्या पट्ट्याला मावशीनं पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातले होते. बाकीचे जोड कोणाचे, ते अजून कळलेलं नाही.

त्याच्या गावचे लोक सांगतात, हा लहान असताना त्याची आई अशीच कूलरला चिकटून गेली, अनवाणी. ऐकून तुम्हाला वाईट वाटलं? मलाही क्षणभर वाटलं. मग निळ्या चपला आठवल्या. आई सगळ्यांचीच जाते हो. म्हणून कोणी दुसऱ्याच्या मावश्या मारत सुटत नाही.

गेल्या महिन्यात माझी साक्ष झाली. सरकारी वकिलांनी आधी बजावलं होतं, "कूलर आपोआप चालल्याचं बोलू नका, समोरचा वकील तुमची टर उडवेल आणि आरोपी सुटेल. चपला दिसल्या नाहीत, शंका आली, एवढंच सांगा." वामनमामाही आला होता. म्हणाला, "संगे, झालं गेलं माफ कर वं, पन तेवढं बोलू नको."

मला कळत होतं सगळं. चार बायांचा न्याय माझ्या जिभेवर होता. पण शपथेवर खोटं बोलून मावशीला न्याय मिळवायचा? गणिताची बाई ती! उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली की मार्क कापायची.

नाव पुकारलं. पिंजऱ्याजवळ गेले. आमच्याकडे कोर्टात साक्षीला उभे राहताना खेड्यापाड्यातले लोक मानानं पायताण बाहेर काढतात, कायद्यात तसं काही नाही. शिपायानं सवयीनं म्हटलं,

"ताई, चपला काढा."

समोर तो बसला होता. त्यानं मान वर केली. मी साक्षीला मुद्दाम नव्या निळ्या रबरी चपला घालून गेले होते.

"नाही काढत," मी म्हटलं. जरा जोरातच निघालं. न्यायाधीश बाई होत्या, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या."

उलटतपासणीत त्याच्या वकिलानं विचारलंच, पहिली शंका कशी आली. मी सगळं सांगितलं. फ्यूज पर्समधून काढून टेबलावर ठेवला. हशा पिकला. वकील म्हणाला, "म्हणजे मेलेल्या बाईनं सांगितलं?" मी म्हटलं, "हो. कापलेल्या वायरी आणि गोणीतल्या चपला मात्र जिवंत माणसांना सापडल्यात, त्याचं काय ते तुम्ही सांगा." हशा थांबला.

निकाल यायचाय. सुटेलही कदाचित. मोटर सप्लायशिवाय कशी फिरली, ते मला आजही माहीत नाही. वर्गात अजून तेच शिकवते, की फिरत नाही. राजीनाम्याचा अर्ज फाडून टाकला.

पण एक सांगते. सगळं कोर्ट हसत होतं तेव्हा तो एकटा हसत नव्हता. माझ्या चपलांकडे बघत होता, आणि मी पाय हलवले नाहीत.