वंशावळीतले गोल

कॅन्सर हॉस्पिटलच्या जेनेटिक्स विभागात बसणाऱ्या बाईकडे कसले आलेत किस्से, असं तारनाक्यातल्या माझ्या शेजारणींना वाटायचं. अहो, इतके साचलेत की सांगायला बसले तर चहा तीनदा गरम करावा लागेल! फक्त सांगताना माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

काम साधं होतं. निजामाच्या या शहरात सॉफ्टवेअर कंपन्या नव्याने येत होत्या, तसा आमच्याकडे रक्तातून जीन तपासायचा प्रकारही नवाच होता. स्तनाचा कॅन्सर झालेली बाई आली की मी तिच्या घराण्याचा नकाशा काढायचे. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. जिला कॅन्सर झाला तिचा गोल काळा भरायचा. जीनमधला बिघाड आईबापांकडून आलाय की पुढे आयुष्यात कधीतरी झालाय, याचा पहिला अंदाज त्या कागदावरून यायचा. जन्मतः आलेला असेल तर बहिणींना, मुलींना वेळेत सावध करता येतं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. आणि लोक माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलायचे!

*

एका बाईचा नवरा सगळी उत्तरं स्वतःच देत होता. हिची आजी कशाने गेली? "कावीळ." मोठी मावशी? "कावीळ." धाकटी? "तीही काविळीनेच."

मी पेन आपटलं. "छातीत गाठ येणारी कावीळ होती का हो?"

"हळू बोला ना मॅडम, बाहेर लोक बसलेत."

बाहेर बसलेल्या सगळ्या बाया त्याच गाठीसाठी आल्या होत्या!

*

एकदा एक तेलुगू जोडपं आलं. मी नेहमीप्रमाणे बाईला विचारलं, "मामा के तरफ किसी को है क्या?"

ती म्हणाली, "कौनसे मामा? ये बैठे सो?"

शेजारी बसलेला नवरा हाच तिचा सख्खा मामा! मी नवऱ्याच्या बाजूची रेघ ओढली, ती फिरून बायकोच्याच आजीपाशी, म्हणजे त्याच्या आईपाशी आली. आजीचा गोल काळा होता. नवरा कागदात डोकावून म्हणाला, "अच्छा हुआ मॅडम, एकीच कागज में काम हो गया!" त्यांना तीन मुली होत्या. मला हसावं की रडावं कळेना.

*

पुण्याहून इकडे आलेल्या एका कुटुंबातल्या सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून धोशा लावला होता, "हिने हे माहेरून आणलं." सून मान खाली घालून ऐकायची. माझं डोकं फिरायचं.

रिपोर्ट आला. मी सांगितलं, "जन्मापासूनचा बिघाड सापडलेला नाही. हा नंतर झालेला दिसतो. बहुतेकींचा असाच असतो."

"नंतर म्हणजे? आमच्या घरात आल्यावर?"

तसं कुणाच्या घरामुळे होत नसतं, हे समजावणं माझं काम होतं. ते मी केलंही, पण दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी म्हणाले, "तारखा तरी तसंच सांगतात!"

सून पहिल्यांदा हसली.

*

आणि नल्लकुंट्याचे ते काका! थोरली लेक सुनंदा, चौतिशीत कॅन्सर. तिच्या रक्तात जन्मतः आलेला बिघाड स्पष्ट सापडला. आईकडच्या बाया सगळ्या ठणठणीत. म्हणून मी काकांना म्हणाले, "हा तुमच्याकडून आला असणार. धाकट्या मीराचं रक्त तपासू या."

"बायकांचा रोग माझ्याकडून कसा येईल? आमच्या घराण्यात नाहीच!"

"बापाकडूनही तेवढाच येतो, काका."

पुढच्या खेपेला दोन्ही लेकींना घेऊन आले ते लेखी पुरावाच काखोटीला मारून. मीराला अमेरिकेतलं स्थळ आलं होतं, त्या पाहुण्यांना दाखवायला वंशावळ नामपल्लीत कॉम्प्युटरवर छापून घेतली होती. अकरा पिढ्या, प्रत्येक नाव चौकोनात. सगळे पुरुष!

"यात बायका कुठेत?" मी विचारलं.

"मुली लग्न होऊन जातात. दुसऱ्या घरच्या होतात."

सुनंदा हळूच म्हणाली, "बाबा, गुलबर्ग्याच्या आत्याला छातीचंच झालं होतं ना? नांदेडच्या आत्यालाही."

"त्या आपल्या घराण्यात मोजत नाहीत!" काका ओरडले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हिचं लग्न जमतंय. एवढं होईपर्यंत तुमच्या कागदावर हिचा गोल काढू नका."

माझा आवाज चढणारच होता, तेवढ्यात सुनंदाशेजारून एक हात पुढे आला.

मीराने माझं पेन उचललं. वंशावळीत बापाच्या चौकोनाला जोडून दोन आत्यांचे गोल काढले, काळे भरले. त्याच्या खाली आणखी दोन काढले. सुनंदाचा भरला, स्वतःचा रिकामा ठेवला. मग बाही वर सारून हात माझ्यापुढे धरला.

"रक्त घ्या, मॅडम. आणि बाबा, पाहुण्यांना दाखवायला आता हीच न्या."