तात्यांच्या ट्रॅक्टरमध्ये मी ओतलेलं कूलंट

परवा बारामतीत माझा एम.टेक.चा व्हायवा झाला. पास झाले... फोटो टाकल्यापासून अभिनंदनाचे मेसेज येतायत. ते मला वाचवत नाहीयेत, म्हणून हे लिहितेय.

माझा विषय नॅनोफ्लुइड. म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, कूलंटमध्ये, ॲल्युमिनाची पांढरी पूड मिसळायची, इतकी बारीक की तिचा एकेक कण नुसत्या डोळ्यांना दिसणारच नाही. असं कूलंट उष्णता जरा जास्त वाहून नेतं. माझ्या रीडिंगमध्ये तेच येत होतं आणि मी हवेत होते.

पण पूड मिसळली की द्रव दाटही होतो, त्याची व्हिस्कोसिटी वाढते. कण सुटे असले तर थोडीच... पण ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले, की त्या पुंजक्यांत पाणीही अडकून बसतं. मग दाटपणा फार वाढतो, आणि हळूहळू गाळ खाली बसायला लागतो.

हे मला माहीत होतं. लॅबमध्ये दोन आठवडे नुसतं ठेवलेलं एक सॅम्पल मी मोजलं होतं, आणि दाटपणाचा आकडा बघून दचकले होते. मग ते पुन्हा मशीनमध्ये घुसळलं, कण सुटे केले आणि नंतर आलेला चांगला आकडा वहीत लिहिला. आधीचा लिहिलाच नाही.

शेळगावला माझे चुलते राहतात, तात्या. बाबा गेल्यावर माझं शिक्षण त्यांनीच बघितलं. त्यांचा ट्रॅक्टर सीझनला ऊस वाहतो. डिसेंबरमध्ये एका रविवारी गेले तेव्हा म्हणाले, "चढाला लई तापतोय गं. तुझं त्ये औषध टाकून बघू का?"

नाही म्हणायला हवं होतं... पण मला आनंद झाला. पुढच्या रविवारी पाच लिटरचा कॅन घेऊन गेले आणि माझ्या हातानं रेडिएटरमध्ये ओतला. तात्या शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं बनवलंय ह्ये."

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला, गाडी गार चालती म्हणून. मी ते लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

जानेवारीत तात्यांना ताप आला आणि ट्रॅक्टर दहा-बारा दिवस जागेवर उभा राहिला. बरं वाटल्यावर दोन ट्रॉल्या भरून ते कारखान्याकडं निघाले. सणसरच्या अलीकडं तापमानाचा काटा एकदम लाल रेघेवर गेला. त्यांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला, थोडा वेळ थांबले, आणि रेडिएटरच्या टोपणावर फडकं धरून ते फिरवलं.

उकळतं पाणी तोंडावर आलं... उजवा गाल, मान आणि उजवा डोळा.

बारामतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, या डोळ्यानं आता दिसणार नाही. भेटायला आलेले लोक म्हणत होते, गरम टोपण उघडायलाच नको होतं. कुणी म्हणत होतं, रेडिएटर जुना झाला असेल. माझं नाव कुणीच घेतलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तसं वाटत होतं.

मेकॅनिकनं रेडिएटर खोलला तेव्हा मी मुद्दाम गेले. आतल्या बारीक नळ्या ओल्या चुन्यासारख्या पांढऱ्या गाळानं चोंदल्या होत्या. "बोअरच्या पाण्याचा क्षार हाय," मेकॅनिक म्हणाला. मी बोटावर घेऊन चोळून बघितलं... वर्षभर रोज हाताळलेली पूड होती ती. क्षार नव्हता.

तिथून निघाले ती सरळ दवाखान्यात. काकी खाली चहा आणायला गेल्या होत्या. तात्या डाव्या कुशीवर पडले होते, अर्ध्या तोंडाला पट्टी.

"तात्या, रेडिएटर माझ्यामुळं चोंदला. मी ओतलेल्यानं. असं होऊ शकतं, ते मला ठाऊक होतं."

त्यांनी डावा डोळा माझ्याकडं वळवला. मग विचारलं, "आदी ठाव होतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

त्याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही...

"काकीला सांगितलंस?"

"न्हाय."

"तिला तू सांग. मी न्हाय सांगणार. आन् तुझ्या त्या पुस्तकात बी लिव्ह. न्हायतर उद्या दुसरं कोणतरी टाकील."

काकी चहा घेऊन आल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी कप तात्यांच्या उशाशी ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तू घरी जा." त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मी शेळगावला जाते, त्या ताट वाढतात, आणि आत निघून जातात.

मी लपवलेला आकडा मोजणीच्या मशीनमधून शोधून काढला, सॅम्पल तसंच ठेवून पुन्हा मोजलं आणि प्रबंधात व्हिस्कोसिटीचं वेगळं प्रकरण घातलं. बरेच दिवस बंद उभ्या राहणाऱ्या इंजिनात हे कूलंट वापरू नये, हेही लिहिलं. गाईड म्हणाले, चांगला रिझल्ट कशाला पातळ करतेस? मग मी त्यांनाही तात्यांचं सगळं सांगितलं.

तात्या आता ट्रॅक्टर चालवत नाहीत. उजवीकडून कुणी आलं तर दचकतात... बांधावरनं चालताना पाय चाचपून टाकतात. मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

पण त्या दिवशी त्यांनी "जाऊ दे पोरी" म्हटलं असतं, तर मी खरंच जाऊ दिलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्यासाठी मी त्यांची आभारी आहे.