एक जूनची कार्डं

जळकोटच्या वसतिगृहात मी कारकून होतो आणि ते अधीक्षक. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता; छापील फॉर्मवरचं उस्मानाबाद ते पट्टी लावून खोडत. खाडाखोडही सरळ हवी. आमच्या लेकरांच्या शाळेचा, दवाखान्याचा खर्च परदेशातली माणसं करायची आणि त्यांना प्रत्येकाची जन्मतारीख लागायची. आया सांगायच्या, "दुष्काळात झालं, खडीच्या कामावर." अधीक्षक सगळ्यांना एक जून लिहायचे.

मग तिकडून वाढदिवसाची कार्डं येऊ लागली. एक जूनला वसतिगृहाला सुट्टी. तरी हे भर उन्हात सायकलवर गावोगाव कार्डं वाटत हिंडायचे. मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, तारीख तुमच्याच मनाची. शाळा उघडल्यावर द्या की!"

"तिकडं त्या बाईनं आज ह्या पोरीची याद केली असंल," हातातल्या कार्डावरची नावं दाखवत ते म्हणाले. "मग कार्ड बी आजच पोचाया पाह्यजे."

एका वर्षी मे महिन्यात एक मुलगी तापानं गेली. तिचंही कार्ड आलं. ते त्यांनी तिच्या आईच्या हातात दिलं आणि मान खाली घालून बसले. आईनं कार्डावरच्या फुलांवरून हात फिरवला.

"दुष्काळातल्या पोळ्याच्या दिशी झालती ही," ती म्हणाली. "कुणी इचारलंच न्हाई."

परतल्यावर त्यांनी त्या सालचं पंचांग शोधून आणलं. रजिस्टरातला तिचा एक जून पट्टी लावून खोडला आणि पोळ्याची तारीख लिहिली. शेजारी मृत्यूची.

खरी जन्मतारीख असलेलं त्या रजिस्टरात तेवढं एकच नाव होतं.