टेंभुर्णीत सगळेच विसरले

‘‘बापू, ह्या बाई कोण?’’ मी विचारलं.

साहेबराव बापूंनी शेजारी बसलेल्या गयाबाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मान हलवली.

‘‘न्हाई ओळखीत.’’

‘‘नीट बघा.’’

‘‘बघून राह्यलो की. आपल्या गावातली दिसत न्हाई.’’

गयाबाई म्हणजे त्यांची लग्नाची बायको. त्या ताडकन उठल्या. ‘‘न्हाई ओळखीत? मंग सकाळी कोणाच्या हातची भाकर खाऊन आलात?’’

बापूंनी त्यांचा पदर ओढला. ‘‘गप बस. घरी गेल्यावर सांगतो.’’

मी पेन खाली ठेवलं. तीन महिन्यांपूर्वी याच बापूंनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. वर भोकरदनच्या बाजारात कोणता बैल कोणाकडून घेतला होता, तेही न विचारता सांगितलं होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी तेव्हा मेंदूच्या आजारांवरच्या एका प्रोजेक्टमध्ये रिसर्च ऑफिसर होते. एकाच वयाची, एकाच गावातली दोन माणसं. एकाचा मेंदू म्हातारपणीही तल्लख राहतो, दुसऱ्याचा हळूहळू घर, माणसं, रस्ते विसरायला लागतो. असं का, कोणाच्या मेंदूला धोका जास्त, हे आम्हाला शोधायचं होतं. विसरण्याच्या या आजाराला अल्झायमर म्हणतात. गावात त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देत.

आमची पद्धत साधी. आधी एकदा सगळ्या वृद्धांना ठरावीक प्रश्न विचारायचे. ती बेसलाइन. काही महिन्यांनी तेच पुन्हा विचारायचे. तो फॉलो-अप. आज वार कोणता, आपण बसलोय ते गाव कोणतं, आणि मी सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगा: बैल, विहीर, चमचा.

प्रोजेक्टची ग्रँट दोन टप्प्यांत होती. दुसरा टप्पा मिळायचा की नाही, ते दिल्लीहून येणारे डॉ. कौल ठरवणार होते. ते गुरुवारी येणार होते. बापू बायकोला विसरले तो सोमवार होता.

संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीच्या खोलीत माझ्यासमोर अख्खी म्हातारी पिढी नापास झाली. एक आजी मी शब्द सांगायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘विसरले माय.’’ एका काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘‘बैल अन् विहीर, हे दोन तर बिलकुलच आठवत न्हाईत.’’

मी एसटीडी बूथवरून आमच्या पाठक सरांना फोन लावला. सर प्रोजेक्टचे प्रमुख. विद्वान माणूस, पण खेडं त्यांनी फार करून नकाशातच पाहिलेलं.

‘‘सर, गावात सगळ्यांचीच स्मृती गेलीय.’’

सरांचा आवाज एकदम तरुण झाला. ‘‘तीन महिन्यांत? सगळ्यांची? पाण्यात काही असेल. तुम्ही विहिरीचं सँपल घ्या! ताबडतोब!’’

खरं सांगते, मी दोन बाटल्या भरल्या.

बाटल्या घेऊन येताना सरपंच भेटले. त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, पाण्याला काई झालं न्हाई. लिस्ट कधी लागणार तेवढं सांगा.’’

‘‘कसली लिस्ट?’’

‘‘पगाराची. ज्याला काई आठवत न्हाई त्याला सरकार निराधारावानी महिन्याला पगार चालू करणार हाय ना?’’

‘‘कोण म्हणालं असं?’’

‘‘तुमचाच कागद म्हणतो की.’’

त्यांनी फाईल उघडून आमचंच पत्र समोर धरलं. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कने जुन्या कुठल्या योजनेचा नमुना समोर ठेवून ते टाइप केलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘स्मृतिभ्रंश असलेल्या लाभार्थींची निवड करण्यात येईल.’ लाभार्थी! एका शब्दाने गाव आजारी पडलं होतं. बापूंच्या नावावर बारा एकर बागायत होती, पण तेही लाभार्थी व्हायला तयार झाले होते.

सरांना पुन्हा फोन केला. पाण्याचं प्रकरण मिटल्याचं त्यांना वाईट वाटलं. मग ते म्हणाले, ‘‘असं करू. कौलसाहेबांना पहिल्या फेरीचे कागद दाखवू. आणि त्यांना पिंपळगाव रेणुकाईला नेऊ. देवीचं दर्शन होईल, जेवण होईल, परत.’’

‘‘आणि टेंभुर्णीलाच जायचं म्हणाले तर?’’

‘‘कशाला म्हणतील?’’

गुरुवारी जीपमध्ये बसता बसता कौलसाहेब म्हणाले, ‘‘पहले टेंभुर्णी.’’

त्याआधी मंगळवार, बुधवार मी घरोघर फिरून सांगत होते की पगार वगैरे काही नाही. लोक माना हलवत आणि डोळे मिचकावत. दिल्लीचा साहेब येतोय म्हटल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. आम्ही पोचलो तेव्हा ग्रामपंचायतीसमोर रांग लागली होती. पहिले बापू.

कौलसाहेबांनी गयाबाईंकडे बोट केलं. ‘‘बाबा, ये कौन हैं?’’

‘‘मालूम न्हई साहेब.’’

गयाबाई या वेळी तयारीने आल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, ‘‘मीबी यांना ओळखीत न्हाई. यांना जेवायला दुसरीकडं पाठवा.’’

बापूंचा चेहरा उतरला. कौलसाहेबांनी कागदात डोकं घातलं. त्यांचे खांदे हलत होते. पाठक सर मात्र पांढरेफटक पडले होते.

मग नारायण गुरुजी आले. रिटायर्ड शिक्षक, सोमवारी आले नव्हते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. अख्ख्या रांगेत पास व्हायला आलेले ते एकटे. ‘‘विचारा,’’ म्हणाले. ‘‘मला सगळं बराबर आठवतं.’’

बेसलाइनला त्यांना पूर्ण मार्क होते. मीच दिले होते. मला हायसं वाटलं.

‘‘आज वार कोणता, गुरुजी?’’

‘‘बुधवार,’’ गुरुजी ठणकावून म्हणाले.

मी तीन शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. गुरुजी चिडले. ‘‘असले सवाल पोरांना विचारायचे असतात. चाळीस वर्षं मी विचारले.’’

कौलसाहेब उठून त्यांच्याशेजारी सतरंजीवर जाऊन बसले. त्यांची डावी मूठ हळूच हातात घेतली. मुठीत कागदाची चिठ्ठी होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: वार बुधवार. गाव टेंभुर्णी. मुलाचं नाव दिगंबर. सुनेचं नाव मंगल.

चिठ्ठी आदल्या दिवशीची होती.

गुरुजींनी साहेबांकडे न बघता मला म्हटलं, ‘‘बाई, घरी सांगू नका. सून चांगली आहे, पण पोरगा घाबरेल.’’

बाहेर आल्यावर कौलसाहेब मला एवढंच म्हणाले, ‘‘पूरे गाँव में एक मरीज था. उसे आपने फुल मार्क्स दिए.’’

ते बरोबर होतं. मी प्रश्न वाचत होते, टिक करत होते; पहिल्या फेरीतही गुरुजी तीन शब्दांवर असेच चिडले, तेव्हा शिक्षकांना येणारच म्हणून पुढे गेले होते. माणसाच्या हातांकडे पाहिलंच नव्हतं.

घरी सांगायला गुरुजींना मी आठवड्याने तयार केलं. दिगंबर घाबरला नाही. म्हणाला, ‘‘बाजारातून येताना दोनदा वाट चुकल्ते. मला वाटलं, कोणाकडं गप्पा मारत बसले असतील.’’ जालन्याला तपासण्या झाल्या. तो आजारच होता, सुरुवातीचा. औषधाने फार फरक पडणार नव्हता. पण बँकेत, बाजारात त्यांच्यासोबत कोणीतरी जाऊ लागलं, आणि घरात त्यांच्यावर ओरडणं थांबलं.

ग्रँट सहा महिने अडकली, मग आली. अट होती: निरक्षर माणसांसाठी प्रश्न नव्याने करा, आणि घरच्यांनाही वेगळं बसवून विचारा. कौलसाहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गावाने एकमताने केलेला अभिनय सोडला, तर काम प्रामाणिक आहे. पाठक सरांना ते कौतुक वाटलं. त्यांनी ती ओळ अधोरेखित केली.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी एक गोष्ट पाळली. ‘मला काही म्हणजे काही आठवत नाही’ असं जो ऐटीत सांगतो, त्याला चहा पाजायचा आणि घरी पाठवायचं. ‘मला सगळं आठवतं’ असं जो न विचारता सांगतो, त्याच्याजवळ जाऊन बसायचं.